तोफ परदेशची, गोळा कोणाचा?



गोदाकाठची ही वसंत व्याख्यानमाला १९२२ साली सुरू झाली. या शंभर वर्षांत येथे मोठमोठे विद्वान बोलून गेले. आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते सातपूरच्या कारखान्यात, संघटनेच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा युद्धकाळात ड्रोनपासून बचाव करणाऱ्या परदेशी तोफांविषयी आम्ही बोलणार, असे कळताच आमच्याच एका जुन्या सहकाऱ्याने विचारले, "अहो, पगारवाढीचे करार करणाऱ्या माणसाने तोफांच्या भानगडीत कशाला पडावे?"

प्रश्न वाजवी आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. रणनीती आम्हांला कळत नाही. सेनापतींना शहाणपण शिकवण्याचा आमचा विचार नाही. पण तोफ हे एक यंत्र आहे. यंत्र बाहेरून येणे, ते हातात बसणे, बिघडणे, आणि एका बारक्या भागावाचून मुके होऊन उभे राहणे, हे सारे आम्ही पस्तीस वर्षे पाहत आलो आहोत. त्या अनुभवाच्या कडेकडेनेच आज आम्ही चालणार आहोत.

दुसरे असे की, हा विषय नाशिककरांना परका नाही. देवळालीच्या बाजूने येणारा तोफांचा गडगडाट ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. फाळणीपूर्वी तोफखान्याची शाळा काकूलला होती. पुढे ती शाळा देवळालीला आली. विमानविरोधी तोफा चालवण्याचे शिक्षणही पुढे अनेक वर्षे तेथेच दिले जाई. १९८९ मध्ये ते ओडिशातील गोपाळपूरला गेले, आणि १९९४ मध्ये हवाई संरक्षणाचे दल तोफखान्यापासून वेगळे झाले. म्हणजे आकाशाकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या तोफेशी या जिल्ह्याचे जुने नाते आहे.

आता मे २०२५ कडे वळू. ७ मे रोजी 'ऑपरेशन सिंदूर' सुरू झाले. ८ मेच्या रात्री लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन आपल्या हद्दीत घुसवण्यात आले, असे सरकारने दुसऱ्या दिवशी जाहीर केले. पडलेल्या अवशेषांच्या पहिल्या तपासणीत ते तुर्कस्तानचे 'सोंगर' जातीचे ड्रोन असावेत असे दिसले. ते पाडण्याच्या कामी आकाश क्षेपणास्त्रे होती, इतरही साधने होती. पण त्यांच्या जोडीला ज्या तोफांनी काम केले त्यांची नावे ऐकून पुष्कळांना नवल वाटले. एल-सत्तर, झू-तेवीस आणि शिल्का, या त्या तोफा. तिन्ही परदेशात आखलेल्या आणि तिन्ही म्हाताऱ्या. आपल्यातील अनेक श्रोत्यांपेक्षा त्या वयाने मोठ्या आहेत. कालचे, कोऱ्या करकरीत बनावटीचे ड्रोन आणि साठ वर्षांपूर्वीची तोफ यांची गाठ सीमेवरच्या आकाशात पडली, आणि तोफ कमी पडली नाही.

हे कसे झाले? त्यासाठी ड्रोन म्हणजे काय संकट आहे ते थोडक्यात समजून घेतले पाहिजे.

लढाऊ विमान मोठे असते, धातूचे असते, उंचावरून वेगाने येते. रडारला ते लांबून दिसते. ड्रोन लहान असतो. त्याचे अंग बहुधा प्लॅस्टिकचे किंवा तंतूंच्या पत्र्याचे असते. तो झाडांच्या शेंड्यांवरून, कधी कधी मोटारसायकलच्या वेगाने येतो. रडारवर त्याची खूण पाखरासारखी उमटते. त्याच्या छोट्या मोटरची उष्णता इतकी कमी असते की उष्णतेचा माग काढणाऱ्या क्षेपणास्त्रालाही तो सहज सापडत नाही. म्हणून त्याच्याशी लढताना कामे तीन होतात. पहिले, तो दिसला पाहिजे. दुसरे, जमल्यास त्याचा बिनतारी संदेश किंवा उपग्रहाकडून मिळणारी दिशा तोडून त्याला आंधळा केला पाहिजे. तिसरे, तरीही येत असेल तर त्याला पाडला पाहिजे. युक्रेनच्या युद्धात २०२४ पासून काही ड्रोन मागे काचतंतूची बारीक तार सोडत उडू लागले. त्यांना बिनतारी संदेश लागतच नाही, म्हणून तो तोडताही येत नाही. अशा वेळी शेवटचा इलाज राहतो तो गोळीचाच.

आणि येथे हिशेब आडवा येतो. इराणी बनावटीच्या शाहेद ड्रोनची किंमत साधारण वीस ते पन्नास हजार डॉलर असावी, असा जाणकारांचा अंदाज आहे. त्याला पाडायला अमेरिकी पॅट्रियट क्षेपणास्त्र सोडले, तर एकाच क्षेपणास्त्राला तीस-चाळीस लाख डॉलर पडतात. शंभर रुपयांचे कुलूप तोडायला आलेल्या चोरावर दहा हजारांचे भांडे फेकून मारावे, तसा हा प्रकार. चोर रोज येऊ लागला तर भांडी आधी संपतात. म्हणून जगभरच्या सैन्यांना पुन्हा एकदा तोफेची आठवण झाली. तोफेचा गोळा क्षेपणास्त्राच्या मानाने कितीतरी स्वस्त असतो आणि तो हजारांनी बनवता येतो.

एल-सत्तर ही स्वीडनच्या बोफोर्स कंपनीची तोफ. नळीचा व्यास ४० मिलिमीटर. लांबी त्याच्या सत्तरपट, म्हणजे २.८ मीटर, म्हणून नाव एल-सत्तर. मिनिटाला सुमारे ३०० गोळे, आणि तीन-साडेतीन किलोमीटरपर्यंत नेमका मारा. आपल्या सैन्यात ती १९६० नंतरच्या दशकात आली. पण श्रोतेहो, पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. ती नुसती आली नाही, ती येथे रुजली. जबलपूरच्या तोफगाडी कारखान्यात ती बनू लागली. तिचा गोळा आपल्या आयुधनिर्माणींत तयार होऊ लागला. पुढे डोळे अधू झाले, तेव्हा भारत इलेक्ट्रॉनिक्सने तिला नवे डोळे बसवले. रात्री उष्णतेवरून पाहणारा कॅमेरा, अंतर मोजणारा लेझर आणि लक्ष्याचा आपोआप पाठलाग करणारी यंत्रणा तिला मिळाली. जन्म स्वीडनचा, पण दुखणेखुपणे, औषधपाणी आणि अन्न सगळे इथले. म्हणून साठ वर्षांनी हाक मारली तेव्हा ती उठून उभी राहिली.

आता आमच्या कारखान्यातली एक गोष्ट सांगतो. पंचवीसएक वर्षांपूर्वी एका कारखान्यात परदेशातून मोठा प्रेस आला. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. हारतुरे झाले, पेढे वाटले. सहाएक महिन्यांनी त्याच्या तेलाच्या पंपाचे एक सील गेले. तळहातावर मावेल एवढी रबराची चकती. स्टोअरमध्ये दुसरी नव्हती. कंपनीच्या माणसाशिवाय पंप उघडला तर हमी रद्द, असे करारात लिहिलेले. प्रेस नऊ आठवडे उभा राहिला. त्याच्या पुढच्या मागच्या कामावरचे चाळीस कामगार ले-ऑफवर, अर्ध्या पगारावर घरी बसले. गणपतीचे दिवस होते. कोणी उसने काढले, कोणी बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या.

त्या वेळी आम्ही काय केले? आम्ही ले-ऑफचा पगार वाढवून मागितला. फाटकावर सभा घेतल्या, घोषणा दिल्या. आमच्यातला एक वयस्क फिटर मात्र रोज एकच वाक्य म्हणे, "मला पंप उघडू द्या." व्यवस्थापकांनी त्याचे ऐकले नाही. आणि कबूल करायला लाज वाटते, पण आम्हीही त्याचे ऐकले नाही. पगार ही संघटनेची बाब, पंप ही मालकाची बाब, असे आम्ही धरून चाललो होतो. शेवटी परदेशी माणूस आला, दोन तासांत सील बदलून गेला. आमचा फिटर शेजारी उभा राहून वहीत लिहीत होता. वर्षभराने तेच सील पुन्हा गेले, तेव्हा त्याने शहरातल्याच एका रबराच्या दुकानातून चकती करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी प्रेस चालू झाला. त्यानंतरच्या करारात आम्ही पगाराच्या कलमाखाली एक कलम घातले. नवे यंत्र आले की आपली दोन माणसे त्यावर पूर्ण तयार करायची, नकाशे शॉपमध्ये ठेवायचे, दोन वर्षांचे सुटे भाग यंत्राबरोबरच मागवायचे. असली मागणी कामगारांनी करावी याचे समोरच्यांना हसू आले. पुढे त्यांनीच ते कलम आपल्या खरेदीच्या कागदात उतरवून घेतले.

कारखान्यात पंप बंद पडला तर चाळीस घरांत चूल मंदावते. सीमेवर तोफ बंद पडली तर काय होते, ते सांगण्याची गरज नाही.

जे आमच्या प्रेसचे झाले, ते एका सबंध देशाचे कसे होते, हे युक्रेनमध्ये दिसले. २०२२ च्या जुलैत जर्मनीने युक्रेनला 'गेपार्ड' तोफा देण्यास सुरुवात केली. रणगाड्याच्या सांगाड्यावर बसवलेल्या ३५ मिलिमीटरच्या दोन नळ्या आणि वर रडार, अशी ही तोफ. बनावट १९७० नंतरच्या दशकातली. जर्मन सैन्याने ती केव्हाच मोडीत काढली होती. पण शाहेद ड्रोन पाडण्यात ती फार उपयोगी ठरली. मग गोळे संपत आले. त्यांतले हजारो गोळे पूर्वी स्वित्झर्लंडमध्ये बनलेले आणि जर्मनीच्या कोठारात पडलेले होते. ते युक्रेनला देण्यासाठी जर्मनीने स्वित्झर्लंडची परवानगी मागितली. स्वित्झर्लंडने तटस्थतेच्या कायद्यावर बोट ठेवून नकार दिला. तोफ आहे, शत्रू डोक्यावर आहे, गोळा कोठारात आहे, पण तो डागायचा की नाही हे ठरवणार तिसऱ्याच गावचा पाटील. अखेर जर्मनीच्या राईनमेटल कंपनीला आपल्याच देशात उंटरल्यूस येथे त्या गोळ्यांची साखळी नव्याने उभारावी लागली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन लाख गोळ्यांचा करार झाला आणि पहिले गोळे सप्टेंबरमध्ये पोचले. मधल्या महिन्यांत रात्री थांबल्या नव्हत्या, ड्रोनही थांबले नव्हते. आम्ही स्विस लोकांना दोष देत नाही. त्यांचा कायदा त्यांच्यापाशी. आम्ही एवढेच म्हणतो की, आपल्या घराचा आडणा शेजाऱ्याच्या कायद्यावर टेकलेला असू नये.

परदेशी शस्त्राबरोबर अशा तीन गाठी येतात. पहिली गाठ गोळ्याची, दुसरी सुट्या भागांची, तिसरी परवानगीची.

परवानगीची गाठ आपल्या पिढ्यांनी भोगली आहे. सप्टेंबर १९६५ मध्ये युद्ध पेटले आणि अमेरिका व ब्रिटन यांनी शस्त्रांचा पुरवठा थांबवला. ज्या दिवशी शस्त्र लागते त्याच दिवशी दुकान बंद होते, हा धडा तेव्हाचा. दुकानदाराची नियत वाईट असते असेही नाही. कधी त्याच्याच घराला आग लागते. रशियाशी २०१८ मध्ये एस-४०० या लांब पल्ल्याच्या यंत्रणेचा करार झाला. पुढे रशिया स्वतःच युद्धात उतरला आणि उरलेली पथके ठरल्या वेळेला येऊ शकली नाहीत.

सुट्या भागांची गाठ बोफोर्सच्याच दुसऱ्या तोफेने दाखवली. १९८६ च्या करारात ४१० लांब पल्ल्याच्या तोफा आल्या. पुढचा गदारोळ आपणां सर्वांना ठाऊक आहे. कंपनीशी व्यवहार तुटला आणि सुटे भाग मिळेनात. एक तोफ उघडून तिच्या भागांवर दुसरी चालवण्याची पाळी आली. त्याच करारान्वये मिळालेले नकाशे आपल्या आयुधनिर्माणींकडे वर्षानुवर्षे पडून होते. त्यांवरून जबलपूरच्या कामगारांनी आणि अभियंत्यांनी 'धनुष' तोफ घडवली. ती सैन्याच्या हाती पडली २०१९ मध्ये. नकाशा घरात होता, हात घरात होते. नव्हती ती आज्ञा. आमच्या फिटरसारखेच तेही म्हणत असतील, "आम्हांला उघडू द्या."

येथे कोणी म्हणेल, मग परदेशी काही घेऊच नये, सारे स्वदेशी करावे. ऐकायला हे गोड वाटते. पण सीमेवरचा जवान ड्रोनला "थांब, आमचे संशोधन चालू आहे" असे सांगू शकत नाही. खांद्यावरून डागायच्या छोट्या क्षेपणास्त्रांचे उदाहरण घ्या. जुन्या रशियन इग्लाची जागा भरण्यासाठी २०१० मध्ये निविदा निघाली. कोणाची बोली सर्वांत कमी, हे ठरायला २०१८ उजाडले. त्यानंतरही मोठा व्यवहार लांबतच राहिला. दरम्यान आपल्या संरक्षण संशोधन संस्थेचे त्याच जातीचे क्षेपणास्त्र तयार होत होते. सप्टेंबर २०२२ मध्ये चांदीपूरला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पोखरणला त्याच्या चाचण्या झाल्या. ही प्रगती आनंदाची आहे. पण मधल्या बारा-चौदा वर्षांत जो जवान जुन्या शस्त्रानिशी रात्र काढत होता, त्याच्या जागी उभे राहून पाहा. गरज असेल तेव्हा बाहेरून घ्यावेच लागते. घेण्यात कमीपणा नाही. डोळे मिटून घेण्यात आहे.

उलट, 'स्वदेशी' अशी पाटी लावल्याने वस्तू स्वदेशी होते असेही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सैन्याने देशी कंपन्यांकडून घ्यायच्या सुमारे ४०० ड्रोनचे करार रद्द केल्याच्या बातम्या आल्या. त्यांत चिनी भाग निघाले, असे कारण सांगितले गेले. डबा आपला आणि आतली भाजी परक्या घरची, तर वेळेला उपाशीच राहावे लागणार.

परकी वस्तू आपली कशी होते, हे पाहायला नाशिककरांनी लांब जायला नको. ओझरला १९६४ मध्ये मिग विमानांचा कारखाना आला. सुरुवातीला रशियातून आलेले भाग जोडायचे. मग हळूहळू इथल्या माणसांनी ते कच्च्या मालापासून घडवायला घेतले. पुढे सुखोई आले, त्यांची मोठी दुरुस्तीही येथेच होऊ लागली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ ने हवाई दलाचा निरोप घेतला, आणि ऑक्टोबरात त्याच ओझरवरून इथे जोडलेले तेजस उडाले. एका पिढीच्या हातातले कसब दुसऱ्या पिढीच्या हातात गेले. ते करारातल्या कोणत्याही कलमाने आणलेले नाही. बापाने मुलाला, उस्तादाने शिकाऊ पोराला शेजारी उभे करून ते दिले आहे. तोफ विकत मिळते, हात विकत मिळत नाहीत.

आणि म्हणून शेवटचा मुद्दा हातांचा. जो गोळा ड्रोनजवळ फुटतो, तो कोणी तरी भरलेला असतो. भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगर येथील आयुधनिर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी स्फोट झाला आणि आठ कामगार मृत्युमुखी पडले. साडेतीन महिन्यांनी देश तोफांचे कौतुक करीत होता. त्या कौतुकात ही आठ नावे कोणाच्या ओठांवर आली? २०२१ मध्ये देशातील ४१ आयुधनिर्माणींच्या सात कंपन्या करण्यात आल्या आणि त्याच वर्षी अध्यादेशाने तेथल्या संपाला बंदी घातली गेली. कंपन्या केल्याने काम वेगाने होईल, असे सरकारचे म्हणणे होते. कामगारांच्या महासंघांचा त्याला विरोध होता. आमचा कल कोणीकडे आहे ते तुम्ही ओळखलेच असेल. तो आम्ही लपवीत नाही. पण कल बाजूला ठेवूनही एक प्रश्न उरतो. शांततेच्या वर्षांत गोळ्यांची मागणी कमी होते. तेव्हा ताळेबंद पाहणारा म्हणतो, ही साखळी बंद करा, ही माणसे कमी करा. जर्मनीतही असेच झाले होते, म्हणून तर तीन लाख गोळ्यांसाठी साखळी पुन्हा उभारावी लागली. गोळे भरणारा हात ही अडगळ नव्हे. पावसाळा नसताना आपण छत्री विकून टाकत नाही.

श्रोतेहो, तुमच्यापैकी कोणी तोफा खरेदी करणार नाही. पण तुम्ही मते देता, कर भरता, वर्तमानपत्र वाचता. उद्या बातमी येईल की, अमक्या देशाकडून ड्रोन पाडणारी नवी यंत्रणा इतक्या कोटींना घेतली. त्या वेळी टाळ्या वाजवण्यापूर्वी चार गोष्टी विचारा. हिचा गोळा कोठे बनणार? बिघडली तर ती उघडण्याचा अधिकार कोणाला? देणाऱ्याने उद्या पुरवठा थांबवला, तर ती किती महिने चालेल? आणि तिच्यावर तयार होणारी आपली माणसे किती, ती कायम की कंत्राटी? या प्रश्नांना सरळ उत्तरे मिळाली, तर यंत्रणा खुशाल परदेशची असो, ती साठ वर्षे आपली चाकरी करील. उत्तरे मिळाली नाहीत, तर आपण यंत्रणा घेतली नाही, नुसती भाड्याने आणली, असे समजा.

आमचा तो फिटर आज हयात नाही. त्याची वही आमच्या कचेरीतल्या कपाटात आहे. तेलाचे डाग पडलेल्या त्या पानांवर पंपाची आकृती आहे, मापे आहेत, आणि खाली त्याच्या वळणदार अक्षरात लिहिले आहे, 'उघडताना घाई करू नये, पण उघडावे.' नवी पोरे संघटनेत आली की आम्ही त्यांना ती वही दाखवतो.